खळ्यावरून गेलेली रेघ

हातखंब्याच्या तिठ्यावर पुण्याची एसटी येईपर्यंत बाबांनी माझी बॅग हातातून खाली ठेवली नाही. बॅगेला चाकं होती. ती ओढायची असते हे मी त्यांना घरापासून सांगत होते. पण नव्या बॅगेची चाकं चिखलात कशाला घालायची, असं म्हणून ते ती खांद्यावर घेऊनच उभे राहिले. शेजारी वडे तळणाऱ्या माणसाने काही विचारलं नव्हतं, तरी त्याला सांगून झालं, "आमची बाय नगररचनेत चाललीय, पुण्याला." तो "बरं बरं" म्हणाला आणि त्याने वडे परतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मला बाबांची लाज वाटायची. आता वाटते ती माझी.

माझे बाबा गावच्या हायस्कुलात शिपाई आहेत. साहेब लोक आले की उभं राहायचं, टेबलावरच्या कागदाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. एसटी आली तेव्हा त्यांनी बॅग वर चढवून दिली आणि खिडकीखाली येऊन म्हणाले, "काम असं कर गो बाय, की कुणाला बोट ठेवायला जागा राहता नये." बाकी काही नाही. पोचल्यावर फोन कर, नीट जेव, ते सगळं आईने घरीच सांगून टाकलं होतं, तेही तीनतीनदा.

हे मी वाडीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे वाडी सोडून गेलेत त्यांच्यासाठीही. समोर बसून सांगायला आले तर तुम्ही "असूंदे गो, चाय घे आधी" म्हणून मला गप्प कराल. तुमचं हे 'असूंदे' मला पुण्यात झोपू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी डिग्री अप्रेंटिस आहे. म्हणजे आठवड्यातले बरेचसे दिवस एका नगररचना सल्लागाराच्या ऑफिसात काम करायचं, उरलेले दिवस कॉलेजात बसायचं आणि शेवटी पदवी घ्यायची. आईला हे फोनवर समजावताना माझा घाम निघाला होता. "म्हणजे शिकतेस की कामाला जातेस?" "दोन्ही." "म्हणजे दोन्हीकडची बोलणी खायची," आई म्हणाली, आणि ते अगदी खरं निघालं. सबमिशनच्या दिवशी ऑफिसात डेडलाइन, आणि ऑफिसात साहेब लोकांची मीटिंग असली की कॉलेजात टेस्ट!

पहिल्या काही महिन्यांत मी रंग भरले. नगररचनेत प्रत्येक जमिनीला रंग असतो. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, शेती हिरवी. सॅटेलाइटवरून घेतलेला फोटो स्क्रीनवर उघडायचा, त्यावर घरं, रस्ते, विहिरी गिरवायच्या, नंतर साइटवर जाऊन ताडून बघायचं आणि रंग द्यायचा. मला ते काम आवडायचं, अजूनही आवडतं. साताऱ्याकडच्या कुठल्यातरी गावातली अनोळखी घरं पिवळी करत बसायचं, कानात गाणी लावायची, कुणाचं काही वाईट होत नसायचं.

कर्वेनगरात पीजीत राहायला लागले तेव्हा माझं बोलणं ऐकून रूममेट हसायच्या. आपला हेल, दुसरं काय. "काय गो" म्हटलं की लातूरची पोरगी पोट धरून हसायची. मी हळूहळू हेल कापून टाकला. आईने हर्ण्याहून आलेले सुके बोंबील डब्यात बांधून दिले होते, त्याच्या वासावरून खोलीत भांडण झालं, तर मी तो डबा तसाच वॉचमनला देऊन आले. आईला सांगितलं, संपले, छान होते. लहानशी गोष्ट आहे. पण माणूस मोठं खोटं बोलायला असंच शिकत असावा. आधी बोंबलांबद्दल, मग बाकीच्याबद्दल.

पुण्यात मला सगळ्यात जास्त आठवायचं ते खळं. वाडीबाहेरच्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांच्यासाठी सांगते: घरापुढचं सारवलेलं मोकळं अंगण, ते आमचं खळं. आमचं घर वाडीच्या मधोमध आणि खळं सगळ्यांत मोठं, त्यामुळे ते आमच्या एकट्याचं कधी नव्हतंच. भाताची झोडणी तिथे, आमसुलं वाळत घालणं तिथे, लग्नाचा मांडव तिथे, भांडण मिटवायची बैठकही तिथेच. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी पाखाडीच्या पायऱ्या चढून येते आणि वाडीत पहिल्यांदा टेकते ती आमच्या खळ्यात. लहानपणी मला वाटायचं, देवाला एवढी चढण चढून दम लागतो म्हणून तो आमच्याकडे बसतो. पीजीच्या बाल्कनीत चार जणींचे टॉवेल वाळत घातले की उभं राहायलाही जागा उरत नाही. तिथे कपडे बाजूला सारून मी फोनवर बोलायचे आणि आईला विचारायचे, "खळं सारवलंस?" ती म्हणायची, "तू येऊन सारव."

आमचं गाव शेजारच्या नव्या नगरपंचायतीच्या हद्दीत गेलं आणि तिच्या विकास आराखड्याचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. केवढा आनंद झाला होता मला! फोटो उघडला, हातखंब्यापासून हायवे धरून बोटाने चालत गेले, फाटा, मोरी, वहाळ, आणि एकदम वाडी. वाडी मी कधी वरून बघितली नव्हती. आमच्या लाकडांच्या खोपीवर बाबांनी घातलेली निळी ताडपत्रीसुद्धा दिसत होती. मी खुर्चीतून उठून अख्ख्या ऑफिसला बोलावलं. "हे माझं घर! हे आमचं खळं!" सगळ्यांनी वाकून बघितलं. कुणीतरी म्हणालं, किती हिरवं आहे यार. रात्री खोलीवर हे सांगताना मी हेल कापायला विसरले, असं लातूरची नंतर म्हणाली.

मग काही महिन्यांनी रस्त्यांचं काम आलं. हायवेच्या बाजूने एक टोक ठरलेलं होतं, नव्या बाजाराच्या जागेपाशी दुसरं. मधून बारा मीटरचा रस्ता न्यायचा होता. दोन्ही टोकं आमच्या टीमच्या मॅडमनी ठरवून दिली होती. मधली वळणं घ्यायचं काम माझं. वरच्या बाजूला सडा, म्हणजे सगळा सपाट कातळ, तो फोडायचा म्हणजे खर्च. खालच्या बाजूला वहाळाचं पाणी, तिथे पूल लागणार. उरली वाडी. नियमात बसेल असं वळण घेत घेत मी रेघ आणली आणि ती निळ्या ताडपत्रीला घासून खळ्याच्या मधून गेली. आमची पडवी गेली. पुढे दत्ताकाकांचं स्वयंपाकघर गेलं. दत्ताकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये आयुष्य काढून गावी परत आले आणि त्यांनी ते घर बांधलं.

मी माऊसवरचा हात काढला आणि मॅडमकडे गेले. "मॅडम, हे माझं घर आहे." त्यांनी स्क्रीन बघितली. दोन्ही बाजूंनी रेघ सरकवून बघितली. वाईट बाई नाहीत त्या, हे मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत कुणीतरी वाईट लागतं आणि इथे तसं कुणी नाही. त्या म्हणाल्या, "हा प्रारूप आराखडा आहे. तो लोकांपुढे लागेल, हरकती येतील, सुनावणी होईल, रेघा हलतात. मी कितीतरी हललेल्या बघितल्यात. फक्त तू मध्ये पडू नकोस. घरच्यांना तू शिकवलंस असं बाहेर आलं तर तुझी अप्रेंटिसशिप जाईल, आणि त्यांच्या हरकतीलाही किंमत राहणार नाही. त्यांचं ते करतील. घर जातंय म्हटल्यावर कोण गप्प बसतं?"

मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं. मी जागेवर आले आणि फाइल सेव्ह केली. संध्याकाळी मोठे साहेब नकाशावरून नजर फिरवताना म्हणाले, "कर्व्ह छान घेतलाय." सांगायची लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

नकाशा नगरपंचायतीच्या कार्यालयात लागला. हरकती द्यायला महिन्याभराची मुदत होती. बाबा, दत्ताकाका आणि वाडीतले आणखी दोघंतिघं बघून आले. त्या दिवशी बाबांचा फोन आला. "बघितला बाय तुझा नकाशा. रंगीत हाय. केवढा मोठा काढलायस गो!"

"आपलं घर बघितलंत?"

"बघितलं की. दत्तानं बोट ठेवून दाखवलं."

"मग?"

"मग काय, बघितलं."

मी म्हटलं, "बाबा, कुणाला काही वाटलं तर अर्ज देता येतो तिथे." त्यांनी एवढंच विचारलं, "तू जेवलीस काय?" मी म्हटलं जेवले. त्यांनी फोन ठेवला.

त्या एका वाक्यावर मी महिना काढला. सांगितलं ना मी, अर्ज देता येतो म्हणून? अजून किती सांगायचं? असं स्वतःलाच बजावत मी रोज ऑफिसात आलेल्या हरकतींचं फोल्डर उघडायचे. बाजारपेठेतून येत होत्या. कुणाची गाडी लावायची जागा जात होती, कुणाला आपल्या प्लॉटवर बाग नको होती. एकाने तर शेजाऱ्याच्या गच्चीबद्दल लिहिलं होतं, तिचा आराखड्याशी काडीचा संबंध नव्हता. आमच्या वाडीचं काही नाही. मी म्हणायचे, आपली माणसं सगळं शेवटच्या दिवशी करतात. वीजबिलाच्या रांगेत कधी बघावं, अख्खी वाडी शेवटच्या दिवशी. मग शेवटचा दिवसही गेला. फोल्डरमध्ये शेवटचा कागद त्या गच्चीवाल्याचाच राहिला.

घर जातंय म्हटल्यावर कोण गप्प बसतं? आमची वाडी बसते, मॅडम.

कारण मला कळलं ते शिमग्याला घरी गेल्यावर. पालखी यायची म्हणून आई खळं सारवत होती, मीही बादली घेऊन तिच्या शेजारी बसले. हात शेणात, आणि डोक्यात सारखी तीच रेघ. इथून आत येते, इथून वळते, असं दिसत होतं मला त्या ओल्या जमिनीवर. शेवटी न राहवून विचारलं, "आई, कुणीच कसा अर्ज दिला नाही गो?"

आईने मान वर केली नाही. म्हणाली, "दत्ताभावजींनी आणलेला की लिहून. सगळ्यांच्या सह्या घ्यायला आपल्याकडंच पयले आले. तुझ्या बाबांनी परत दिला. म्हणाले, पोरीच्या कामाविरुद्ध वरती अर्ज गेला तर तिचं काय होईल? ती शिकाऊ हाय. शाळेत त्या नव्या बाई नव्हत्या काय, एका अर्जावर गेल्या. शिकाऊ माणसाला पयल्यांदा काढतात."

"आई, ती माझ्याविरुद्ध तक्रार नसते! नकाशाबद्दल असतं ते. मागवतात ते, लोकांनी द्यावं म्हणून मुदत देतात."

"मग तू सांगितलंस का नाय?"

आईने हे रागाने विचारलं नाही. खरंच कळावं म्हणून विचारलं. मी सारवत राहिले. काय सांगणार होते? माझी अप्रेंटिसशिप जाईल म्हणून? तेच तर बाबा म्हणाले होते. बाबांनी माझी नोकरी वाचवली आणि मीही माझी नोकरी वाचवली. खळं कुणीच वाचवलं नाही.

तेवढ्यात दत्ताकाका आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, घेऊन आले, दाराला बांधायला. मला बघून म्हणाले, "आलीस काय गो इंजीनेर?" मी इंजिनीअर नाही हे त्यांना कितीदा सांगितलंय. मी हात न धुताच उठले. "काका, तुमचं स्वयंपाकघर जातंय त्या रस्त्यात."

"बघितलंय की मी. माज्याच बोटाखाली व्हतं."

"मग तुम्ही तरी..."

"अगो, मुंबईत एका खोलीत चार जणांचा संसार केला मी. अर्ध्या घराची सवय हाय आपल्याला." आणि हसले. मुंबईत राहून आलेल्या माणसाचं ते हसू मी ओळखते, आम्ही सगळेच बाहेर तसं हसतो. मग टाळा बांधता बांधता म्हणाले, "तू गेलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आमीपण गेलेलो. वाडीतनं भायेर जाऊन वर बसलेलं एक तरी माणूस हाय आपलं, ते कशाला खाली ओढायचं?"

यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वाडीत भांडणाला काही कमी नसते. आंब्याच्या एका फांदीवरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत आपल्याकडे. आणि इथे घर जात होतं, तर सगळ्यांनी कसं शहाण्यासारखं तोंड मिटून घेतलं! माझ्यासाठी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुपार कलताना ढोल ऐकू आले. पालखी पाखाडी चढून आली, खळ्यात नाचली आणि पाटावर टेकली. बायकांनी ओट्या भरल्या. आईने भरली, मी भरली. मग भिकाआबा पुढे आले. आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. घरच्या माणसाने नारळ द्यायचा, आबांनी तो हातात धरून त्या घराचं जे काही असेल ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ज्याचं काही वेगळं असेल त्याने वेगळा नारळ द्यायचा.

बाबांनी नारळ दिला आणि आबांच्या कानात काहीतरी सांगितलं. आबांनी सुरुवात केली. "हे बा देवा म्हाराजा! आज तुज्या पायाशी हे घर उभं हाय. ह्येंच्या गुरावासरांना, पोराबाळांना सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येंची लेक पुण्याला नकाशाच्या कामात हाय. तिनं केलेल्या कामाला येश दे. तिच्या कामावर कुणाची वाकडी नजर पडू देऊ नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली. दत्ताकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पालखी जिथे टेकली होती, बरोबर तिथून ती रेघ जात होती. आणि हे सगळे देवाला सांगत होते की हिच्या कामाला यश दे. मला रडू फुटलं. बायकांना वाटलं, बऱ्याच दिवसांनी आली म्हणून रडतेय. मी तशीच घरात गेले. चूल होती त्या खोलीत आईने सोलकढीसाठी एक नारळ काढून ठेवला होता, तो उचलला आणि बाहेर येऊन आबांच्या हातात दिला.

"आबा, माझं वेगळं आहे."

आमच्याकडे पोरीबाळी सहसा असं पुढे होत नाहीत. ढोलवाला थांबला. आबा म्हणाले, "सांग."

मी हळू सांगायला गेले, पण आवाज मोठाच निघाला. "देवाला सांगा, मी काढलेली रेघ या खळ्यावरून आणि काकांच्या चुलीवरून गेलीय. ती हलू दे. आणि सांगा, तिच्याविरुद्ध जो बोलेल तो माझा वैरी नाही. जो गप्प राहील त्याने माझं भलं केलं असं मी धरणार नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, तेही सांगा."

आबांनी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आबांनी नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला. एवढं मोठं ते बोलले नाहीत. गाऱ्हाण्यात आपापलं म्हणणं आबांच्या तोंडून साधं होऊन बाहेर पडतं. "हे बा देवा म्हाराजा! लेकराच्या हातनं रेघ वाकडी पडली. ती सरळ कर. आणि माणसांना बोलायची बुद्धी दे रे म्हाराजा."

क्षणभर कुणी काही म्हणालं नाही. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला वाडीने उत्तर दिलं नाही असं मी जन्मात बघितलं नव्हतं. मग दत्ताकाका म्हणाले, या वेळी मोठ्याने नाही, "व्हय म्हाराजा." मग काकी. मग आई. मग एकेक करून सगळे. बाबा तेवढे म्हणाले नाहीत. पालखी उठली, ढोल सुरू झाले, आणि ते पालखीच्या मागून पुढच्या घराकडे गेले.

रात्री जेवताना दत्ताकाकांनी येऊन विचारलं, आता अर्ज दिला तर चालतो काय? मी खरं ते सांगितलं. मुदत संपलीय, आराखडा मंजुरीसाठी वरती गेलाय, आता वाचतील की नाही सांगता येत नाही. तरी द्या. बाबा ताटाकडे बघून भात कालवत राहिले. "आणि तुझं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं मी बघेन. त्यांनी मान हलवली, पण ती होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

पुण्याला आले त्याच दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं ते देतीलच." मला त्या कामावरून बाजूला काढलं आहे. अप्रेंटिसशिपचं काय ते कॉलेज आणि ऑफिस मिळून ठरवणार आहेत, म्हणजे आईच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हीकडची बोलणी. सध्या मी दुसऱ्याच एका गावाची घरं पिवळी करतेय. पण आता माझा हात पूर्वीसारखा चालत नाही. घरापुढे मोकळा चौकोन दिसला की मी थांबते. इथे काय वाळत घालत असतील? इथे कोण येऊन टेकत असेल? फोटोत ते दिसत नाही आणि त्याला रंगही नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते, तू फार स्लो झालीयस.

घर म्हणजे पूर्वी मला खळं वाटायचं. आता ते खळं राहील की जाईल मला माहीत नाही, आणि गेलं तर माझ्या हातून गेलं हे मी कुठेही राहिले तरी माझ्याबरोबर असणार आहे. तुम्ही म्हणाल असूंदे. मी नाही म्हणणार. ज्या माणसांना माझं वाईट करण्यापेक्षा स्वतःची चूल गेलेली परवडली, ती माणसं म्हणजे आता माझं घर. अशा घराला तोंड कसं दाखवायचं, ते मी अजून शिकतेय. त्याची पदवी कुठे मिळत नाही.

काल ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी धावत जिन्यात जाऊन उचलला. मागे दत्ताकाकांचा आवाज येत होता, आणखीही माणसं असावीत, म्हणजे सगळे खळ्यातच बसले असणार.

"बाय, कामात हायस काय?"

"नाही. बोला ना."

"नाय, काय नाय. तो अर्ज केलाय दत्तानं. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी तेवढी राहिलीय." मग ते थांबले. तिकडे कुणीतरी त्यांना घाई करत होतं, त्याला ते थांब म्हणाले. "तुझं नाव कुठं घातलेलं नाय हां त्यात. मी दोनदा वाचून बघितलं. पण तुझं काम हाय ते. तुला विचारल्याबिगर कसं करायचं? करू काय गो सही?"

मी जिन्यात खाली बसले. येणारेजाणारे बघत होते. कापून टाकलेला हेल कुठून परत आला कुणास ठाऊक.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.